पाच साता, एक चोर

सिल्वासाजवळच्या खडोलीला मी ज्या धाग्याच्या कारखान्यात नोकरी करते, तिथे सात नंबरच्या पाच मशिनी आहेत. हे मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या कपाळाकडे बघतो, ताप आहे की काय म्हणून. मी शुद्धीत असते. पाच मशिनी, पाचही चालू, पाचही शेडच्या पाच कोपऱ्यांत. शेडला कोपरे चारच असतात हे मलाही ठाऊक आहे, पण आमची शेड आमच्या शेठने बांधली आहे. आणि पाचही मशिनींच्या पोटावर पिवळ्या रंगात, लांबून दिसेल असा, सात.

हे कसं झालं, तर शेठला एका ज्योतिषाने सांगितलं होतं की तुमचा आकडा सात. दुसरा कुणी असता तर गाडीचा नंबर बदलून थांबला असता. आमच्या शेठने त्याची रीत पाडली. दर दसऱ्याला मशिनींची पूजा होते, झेंडूची माळ, नारळ, पेढे. त्या वेळी वर्षभरात ज्या मशीनने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं असेल, तिच्यासमोर रंगाचा डबा घेऊन पेंटर उभा राहतो. तिचा जुना नंबर खरवडतात आणि सात घालतात. नशीब पालटावं म्हणून. एखादी खरोखर सुधारते. एक तर इतकी रडायची की सात घातल्यावर चार दिवस गप्प राहिली आणि पाचव्या दिवशी दुप्पट रडायला लागली. शेठ म्हणाला, "बेन, सात न घातली असती तर आग लागली असती."

शेडमध्ये कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. एक गेटची सात, एक टाकीची सात, एक पंख्याखालची सात, एक नवी सात आणि ती रडकी सात. बिहारचा पोरगा असो, नाशिककडचा असो की इथलाच राखोलीचा, दुसऱ्या दिवशी त्याला पाचही साता तोंडपाठ. कागदावर मात्र नुसती सात लिहायची. साताला शेपूट लावायचं नाही, अक्षर नाही, टिंब नाही, ही शेठची सक्त ताकीद. शेपूट लागलं की म्हणे सातातला जीव जातो.

शेडचा इन्चार्ज शहाद्याकडचा. सगळी शेड त्याला मामा म्हणते, कारण अर्धी शेड त्यानेच गावाहून आणली आहे आणि त्या अर्ध्यातले अर्धे खरंच त्याचे भाचे आहेत. माणूस आडदांड. आवाज असा की आमच्या मशिनींच्या कोलाहलातून आरपार जातो. तो "बॉबिन" म्हणून ओरडला की वासोण्याच्या सफारीतला सिंह उठून बसतो, असं आम्ही म्हणायचो. त्या सिंहाला उठवणं सोपं नाही. शाळेची सहल जाऊन आली तरी तो कूस बदलत नाही.

मी माल पाठवण्याच्या खात्यात. वडील कोकणातून सिल्वासाला मराठी शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथेच रुजले. त्यामुळे मला चार भाषांत भांडता येतं. माझ्या खात्यात या गुणाला पदवीपेक्षा जास्त किंमत आहे.

तर असा आमचा संसार बरा चालला होता, तेवढ्यात मुंबई ऑफिसात साहेब आले.

साहेबांचं काम काय, तर रिपोर्ट. वेगवेगळ्या खात्यांची वेगवेगळी टेबलं, म्हणजे आकड्यांचे तक्ते, असतात, ती सॉफ्टवेअरमध्ये एकत्र जोडायची आणि त्यांचे गोल, चौकोन, उभ्या पट्ट्या करून भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवायच्या. चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल. कारखान्याने त्यांचं बारसं पहिल्याच आठवड्यात केलं. रंगारी. आमच्या पेंटरला याचा राग आला. तो म्हणाला, "मैं तो ब्रश चलाता हूं, ये क्या चलाता है?"

रंगारी साहेब खडोलीला कधी आले नव्हते. येण्याची गरज नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत पडद्यावरून सांगितलं. "डेटा सगळं बोलतो," म्हणाले. हे बोलताना त्यांचा स्वतःचाच माईक बंद होता. मग पुन्हा बोलले.

त्यांनी काय केलं ते सांगते, कारण सगळं रामायण त्यातच आहे. शेडचं एक टेबल होतं: तारीख, मशीन नंबर, किती धागा निघाला. मागच्या अंगणातल्या वजनकाट्याचं दुसरं टेबल होतं: तारीख, मशीन नंबर, किती कचरा निघाला. कचरा म्हणजे तुटलेला, गुंतलेला, टाकून द्यायचा धागा. रंगारींनी ही दोन टेबलं तारीख आणि मशीन नंबर यांवरून जोडली. चार क्लिक. पाचवा चहासाठी.

आता आपल्या घरातलं उदाहरण घ्या. एका मजल्यावर पाच बिऱ्हाडं आहेत, पाचही दारांवर एकच आडनाव. एक यादी दूधवाल्याची, एक पेपरवाल्याची. दोन्हींत फक्त आडनाव. एखाद्या शहाण्याने या दोन याद्या आडनावावरून जोडल्या, तर काय होईल? पहिल्या दाराचं दूध पाचही दारांच्या पेपरांशी लागेल. दुसऱ्याचंही. सगळ्यांचंच. पाच बिऱ्हाडांची पंचवीस होतील. बेरीज मारली की मजला दुधात पोहतोय आणि रद्दीखाली गाडला जातोय. सॉफ्टवेअर बिचारं विचारत नाही की बाबा, कुठलं बिऱ्हाड? त्याला सांगितलं आडनाव जुळव, त्याने जुळवलं. विचारायचं काम माणसाचं. आणि माणूस चहा पीत होता.

आमच्या पाच सातांचं असंच झालं. प्रत्येक साताचा धागा पाचपट, प्रत्येक साताचा कचरा पाचपट.

आता गंमत बघा. धाग्याची पट्टी पडद्यावर ताडासारखी वाढली. हिरवीगार. एवढं उत्पादन आमच्या शेठच्या आजोबांनी स्वप्नातही पाहिलं नसेल. मुंबईत केक कापला. त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. रंगारींच्या गालाला क्रीम लागलं होतं, शेजारी दोघे तिघे अंगठा वर करून उभे. केकवर हिरव्या आयसिंगने पट्टी काढली होती, चढती. आम्हाला खडोलीत केकचा तुकडा पोहोचला नाही. सेव-खमणीसुद्धा नाही.

इकडे माझं गोडाऊन रिकामं. सुरतेचा व्यापारी दिवसातून दहा वेळा फोन करायचा. "बेन, माल क्यां छे?" मी मुंबईला फोन लावला.

"साहेब, माल नाही."

"मॅडम, सिस्टीममध्ये भरपूर दिसतोय," रंगारी म्हणाले. आवाजात दया होती.

"दिसतोय ना? मग सिस्टीमला मागच्या बाजूने ट्रक लावू का?"

"तुम्ही एकदा गोडाऊन नीट तपासा."

गोडाऊनमध्ये त्या दिवशी दोन मांजरं होती आणि एक शिडी. मी नीट तपासलं. दोनच होती.

धाग्याच्या पट्टीपाठोपाठ कचऱ्याची पट्टी वर आली. ही लाल. एवढी लाल की पडदा बघून आमच्या कॅन्टीनवाल्याने विचारलं, कुणाचा अपघात झाला का. मुंबईच्या लोकांचं डोकं मात्र तल्लख. त्यांनी त्या लाल पट्टीतही धंदा बघितला. एवढा कचरा निघतोय, तर तो एकगठ्ठा विकू या. वापीच्या एका भंगारवाल्याशी बोलणी झाली. त्याला त्या पट्टीचा फोटो दाखवला. तो भंगारवाला चाळीस वर्षं या धंद्यात, आजवर त्याला कुणी कचऱ्याचा फोटो दाखवला नव्हता. भारावून गेला आणि ट्रकच ट्रक घेऊन आला. राखोलीच्या पुलापासून आमच्या गेटपर्यंत रांग लागली. दमणगंगेतले मासे वर येऊन बघत होते म्हणतात. मी पाहिलं नाही, पण मला ते अशक्य वाटत नाही.

अंगणात कचरा किती? एक ढीग. त्यावर एक शेळी झोपलेली.

भंगारवाल्याने ढिगाला एक फेरी मारली. मग शेळीकडे बघितलं.

"शेळी धरून का?" त्याने विचारलं.

त्याने मागे वळून ट्रकांच्या रांगेकडे बघितलं.

"एवढ्याला माझी स्कूटर पुरली असती हो. ट्रकवाल्यांचं भाडं काय त्या फोटोला मागू?"

इथे कुठल्याही अडाण्याला समजलं असतं की फोटो खोटा आहे. पण मुंबईला समजलं ते वेगळंच. रिपोर्ट म्हणतो कचरा निघाला. अंगणात कचरा नाही. म्हणजे मधल्या मधे कुणीतरी विकला. आणि कचरा कुणाच्या ताब्यात असतो? मामाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मामाचा पास जमा करून घेतला. चौकशी होईपर्यंत आत यायचं नाही. वॉचमन, जो रोज मामाच्या डब्यातला ठेचा खायचा, तो मान खाली घालून म्हणाला, "मामा, ऊपर से बोला है." मामाने वर बघितलं. वर पत्रा होता.

तो माझ्या खिडकीशी आला. माल पाठवण्याची खिडकी रस्त्याकडे उघडते, ट्रकवाल्यांना कागद द्यायला. आडदांड माणूस, पण आवाज बसला होता. मला तो आवाज ओळखूही आला नाही.

"ताई, गावाकडे कळलं," तो म्हणाला. "भाच्याने फोन केला. म्हणे, माझा सासरा विचारतोय, मामाने धागा इकला का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? मी म्हटलं, धागा नव्हे हो, कचरा. कचरा इकला म्हणतात." तो थांबला. "ते तर अजून वाईट वाटलं बोलताना."

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण हसले नाही.

"पोरं आणली मी गावाहून. त्यांच्या आईबापांना सांगितलं, माझ्या भरोशावर पाठवा. आता मीच चोर, तर ती पोरं कोणाच्या भरोशावर राहतील? दोघं पिशवी भरताहेत. जातो म्हणताहेत गावी." खिडकीच्या गजाला त्याने हात लावला. "नोकरी गेली तर जाऊ दे. राखोलीला दुसरी मिळेल. पण एकदा त्यांनी तोंडाने सांगावं, हा चोर नाही. मी कचरा काय खाई गेलो का?"

एवढंच त्याचं मागणं. ते मुंबईला पुरवणं इतकं कठीण जाईल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मुंबईत एक वेळ समुद्र हटवतील, पण चूक झाली असं वाक्य पूर्ण करणार नाहीत.

महिन्याची बैठक दोन दिवसांवर आली होती. बैठकीच्या दिवशी पडद्यावर मुंबई, पडद्यासमोर आम्ही. शेठ मधोमध, पुढ्यात बदाम. रंगारींनी आधी हिरवी पट्टी दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग लाल पट्टी. सगळ्यांनी माना हलवल्या. माना त्याच, फक्त हलण्याची दिशा बदलली. मग ते म्हणाले, वेस्टेजची चोरी हा गंभीर विषय आहे आणि डेटा अगदी स्पष्ट आहे.

मी हात वर केला. आमच्याकडे बैठकीत हात वर करायची पद्धत नाही, त्यामुळे सगळे घाबरले.

"साहेब, हा कचरा आणि हा धागा एकाच जोडलेल्या टेबलातून आलाय ना?"

"हो. सिंगल सोर्स," रंगारी अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे कचरा खरा असेल तर धागाही खरा."

"अर्थात."

"मग धागा कुणी चोरला?"

पडद्यावरचे चेहरे गोठले. मला वाटलं नेट गेलं.

"माझ्या गोडाऊनमध्ये शिडी आहे," मी म्हणाले. "सुरतेचा व्यापारी रोज मला शिव्या देतो. तुम्ही केक कापला तो सगळा माल गेला कुठे? कचरा मामाने विकला म्हणता, ठीक. पण कचऱ्यापेक्षा धागा महाग. तो कुणी नेला? मामाने नेला असेल तर आम्हाला ट्रकांची रांग दिसायला हवी होती. रांग एकदाच दिसली, आणि ते ट्रक रिकामे परत गेले."

शेठने हातातला बदाम परत वाटीत ठेवला. शेठ अंकांवर विश्वास ठेवतो, पण धाग्यावर त्याहून जास्त. मालाचा प्रश्न निघाला की त्याचे डोळे बारीक होतात.

"साहेब," तो गुजरातीतच म्हणाला, "माल क्यां छे?"

सुरतेच्या व्यापाऱ्याचाच प्रश्न, पण मला विचारला की तो भांडण असतो, शेठने विचारला की तो भूकंप असतो. रंगारी म्हणाले की ते मॉडेल तपासून सांगतात. शेठ म्हणाला, मॉडेल तिथेच ठेवा, तुम्ही इकडे या.

आणि रंगारी साहेब खडोलीला आले. वापी स्टेशनवर गाडी पाठवावी लागली, कारण त्यांच्या फोनवरच्या नकाशाने त्यांना थेट वासोण्याला सिंहाकडे न्यायचं ठरवलं होतं. पांढरे बूट घालून ते शेडमध्ये शिरले. दोन पावलांत बुटांना धाग्याच्या मिशा फुटल्या. हातात लॅपटॉप, कानांत कापूस. दारातच त्यांनी एका पोराला विचारलं, "सात नंबरची मशीन कुठली?"

पोरगा म्हणाला, "कौनसी सात?"

"सात. सेव्हन."

"हां, पर कौनसी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होते. मग त्यांचं लक्ष समोर गेलं, पिवळा सात. उजवीकडे गेलं, पिवळा सात. ते हळूहळू स्वतःभोवती फिरले आणि प्रत्येक वळणावर एक सात त्यांना भेटला. रडकी सात नेमकी तेव्हाच रडली. मी माणसाचा चेहरा एवढा पांढरा पडलेला यापूर्वी फक्त दातांच्या दवाखान्यात बघितला होता.

"हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, डेटा बोलतो," मी म्हणाले. "आम्ही त्याच्या मधे कशाला बोलू?"

त्यांनी लगेच उपाय काढला: सात अ, सात ब, सात क. शेठने ऐकूनच कानावर हात ठेवले. "सात तो सात ज रहेशे." दोघांची तासभर झटापट चालली. एकीकडे ज्योतिष, दुसरीकडे सॉफ्टवेअर, आणि खरं सांगायचं तर कुठलं जास्त अंधश्रद्धेचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी दोन्ही टेबलांत एक नवा रकाना घातला: जागा. गेट, टाकी, पंखा, नवी, रडकी. सातही राहिली, शेपूटही नाही. रंगारींनी तारीख, नंबर आणि जागा या तिन्हींवरून टेबलं जोडली. पंचवीसची पाच झाली. हिरवी पट्टी माडावरून उतरणाऱ्या माणसासारखी सरसर खाली आली. लाल पट्टी तर शेळीच्या उंचीची झाली.

मामाला गेटमधून आत घेतलं. पास परत दिला. पण सांगितलं काय? काही नाही. एक मेल आला, सगळ्यांना, इंग्रजीत, की डेटाची अडचण सुटली आहे. मामाने तो माझ्याकडून वाचून घेतला.

"यात मी कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी दोनदा वाचला. तो कुठेच नव्हता.

पुढच्या बैठकीला मुंबईने कमाल केली. खरोखर, एवढी निर्लज्ज कमाल करायला वेगळं शिक्षण लागत असणार. रंगारींनी लाल पट्टीच दाखवली, आधीची ताडाएवढी आणि आताची शेळीएवढी, शेजारी शेजारी, आणि वर मथळा: वेस्टेजमध्ये मोठी घट. हिरवी पट्टी त्या दिवशी पडद्यावर आलीच नाही. तब्येत बरी नसेल. टाळ्या झाल्या. आणि या यशाबद्दल शेडच्या इन्चार्जचा सत्कार, असंही जाहीर झालं. शाल, नारळ. ज्याने कचरा चोरला म्हणून हाकललं, त्यालाच तो कचरा कमी केल्याबद्दल शाल. जो कचरा मुळात झालाच नव्हता.

मामा उठला. शेठ शाल घेऊन पुढे झाला. मामाने हात पुढे केले नाहीत.

"शेठ, कचरा मी कमी नाही केला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज परत आला होता. पडद्यावरच्या मुंबईने दचकून स्पीकर कमी केले. "जेवढा होता तेवढाच शे. शाल नंतर. आधी सांगा, मी चोर होतो का?"

मागच्या दारात त्याची पोरं उभी होती. पिशवी भरलेली दोघंही त्यांत होती.

रंगारी म्हणाले, "मामा, डेटामध्ये थोडं डुप्लिकेशन..."

"साहेब, मी डेटाला नाही विचारलं."

शेठने शाल खांद्यावर टाकून घेतली, स्वतःच्याच, कारण हात मोकळे हवे होते. हात जोडले. "भाई," तो म्हणाला, "तमे चोर नथी. भूल अमारी." मग पडद्याकडे वळून म्हणाला, "तमे पण बोलो."

रंगारींचा माईक पुन्हा बंद होता. ओठ हलताना दिसले. शेठ बदाम खात थांबला. माईक सुरू झाला आणि साहेबांनी ते वाक्य पूर्ण केलं. तोंडातून दात काढावा तसं, पण पूर्ण केलं.

मामाने नारळ घेतला. शाल मात्र त्याच संध्याकाळी रडक्या सातावर टाकली. धूळ बसू नये म्हणून, म्हणाला. पोरांनी पिशव्या परत रिकाम्या केल्या.

आता मुंबईहून फोन आला की रंगारी आधी एकच गोष्ट विचारतात. "मॅडम, कुठली सात?" मी फोन तसाच धरून शेडच्या दारात जाते आणि मामाला ओरडून तो प्रश्न पोहोचवते. मामा ओरडून उत्तर देतो. ते उत्तर मुंबईला फोनशिवायच ऐकू जातं.